शाबूत दोरी

“अजून किती वेळ धरू?”

“हात दुखतोय का?”

“हात नाही दुखत. चुलीवर डाळ आहे.”

“मग डाळ शिजेपर्यंत धर.”

वैशाखातली सकाळ होती. समुद्राला लागून असलेल्या सड्यावर, उंच खडकाळ माळावर, मठाच्या मागच्या उघड्या जागेत, दोन माणसं एक बारीक पांढरी दोरी ताणून उभी होती. एका टोकाला तानूबाई. मठाचा स्वयंपाक आणि मठाचे बुवा, दोन्ही तीच सांभाळत असे. दुसऱ्या टोकाला, लांब करवंदीच्या जाळीपाशी, शिवगीरबुवा.

बुवा दोन दोऱ्यांचा पतंग उडवीत. एक दोरी उजव्या हातात, एक डाव्या. उजवी ओढली की पतंग उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. ओढून धरली तर जागच्या जागी गिरकी घेतो. तो कुणाला काटत नाही, कुणाकडून काटला जात नाही.

खालच्या गावातले लोक विचारत, “काटाकाटी नाही, तर मग करायचं काय?”

बुवा म्हणत, “बघायचं.”

हा पतंग बुवांच्या हाती कसा आला, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. विचारलं तर ते दर वेळी वेगळी गोष्ट सांगत.

तानूबाईच्या कमरेच्या चंचीत फोन वाजला.

“वाजतोय,” ती म्हणाली.

“वाजू दे. सोडलीस तर पुन्हा पहिल्यापासून.”

फोन थांबला. पुन्हा वाजला. थांबला आणि पुन्हा वाजू लागला, तेव्हा तानूबाईने बुवांना न विचारताच दोरीचं टोक खुंटाला अडकवलं आणि फोन घेतला.

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “सांगते.”

“कोण आहे?”

“श्रीरंगदादांची बहीण. कोल्हापूरहून.”

“काय म्हणते?”

“दादा गेले. रात्री. झोपेत.”

बुवांनी हातातली दोरी सोडली नाही, ओढलीही नाही.

…

“डाळ बघ,” ते म्हणाले.

*

श्रीरंग सबनीस बंदरखात्यात होता. तरुणपणी दीपगृहाच्या कामासाठी सड्यावर आला, पतंग पाहिला, आणि मग दर वर्षी रजा टाकून येत राहिला. बुवांनी त्याला कधी मंत्र दिला नाही. त्यानेही मागितला नाही. दोघे दोऱ्या ताणत, पतंग उडवत, आणि रात्री तानूबाईची बोलणी खात जेवत.

त्याची बहीण वैजयंती मोठी हाडांची डॉक्टर. ती कधी सड्यावर आली नव्हती. भाऊ रजेवर निघाला की म्हणायची, “एक गोसावी आणि एक सरकारी नोकर. दोघं मिळून आभाळाला दोरी बांधतात.”

श्रीरंगने हे बुवांना सांगितलं होतं. बुवा पुष्कळ हसले होते.

मार्गशीर्षात ती आली. गाडी खाली ठेवून, चढ चढून, खांद्यावर लांबट पिशवी घेऊन. वाकून नमस्कार केला, आणि उठता उठताच म्हणाली,

“माझी गाठ सुटलेली नाही, बुवा. मग पतंग का पडतो?”

“आधी पाणी पी.”

“झालं. तानूबाईंनी दिलं.”

“मग चहा पी.”

“बुवा, मला आज रात्रीच परत निघायचंय. उद्या ऑपरेशनं आहेत.”

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे… पेशंटची.”

“बरं. मला वाटलं, पतंगाची.”

ती हसली नाही. पिशवीतून तिने लाकडी फळी काढली. फळीवर दोन दोऱ्या गुंडाळलेल्या होत्या.

“दिवाळीनंतर त्याचं कपाट उघडलं. पतंग होता, ही होती. मैदानावर घेऊन गेले. उडायला लागला, आणि डावी दोरी तारेच्या कुंपणाला घासली. तुटली. मी गाठ मारली. टाके घालताना आम्ही मारतो ती. ओढून बघा.”

बुवांनी गाठ नखाने चाचपली. हाताने ओढली. मग दातात धरून ओढली.

“दात जपा,” आतून तानूबाई म्हणाली. “मोजके उरलेत.”

बुवांनी गाठ उन्हात धरून पाहिली.

“नाही सुटत. अशी गाठ मी आयुष्यात पाहिली नाही.”

वैजयंतीची मान किंचित ताठ झाली.

“हिच्यामुळेच पडतो,” बुवा म्हणाले.

त्यांनी दोन्ही दोऱ्या एकमेकींभोवती एकदा पिळल्या आणि तिच्या हातात दिल्या.

“पतंगाने एक गिरकी घेतली की दोऱ्यांना असा एक पीळ पडतो. आता एक ओढ.”

तिने ओढली. दोरी दुसरीवरून सुळकन सरकली.

“अजून ओढ.”

गाठ पिळाशी आली आणि अडली.

“इथे तू उजवी ओढतेस, आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. मग तो पडणार नाही तर काय करेल?”

“एवढ्याशा गाठीने?”

“मूत्रपिंडातून एवढासा खडा निघाला आणि वाटेत अडला, तर?”

“ते माझं खातं नाही,” ती म्हणाली. मग अडलेली गाठ बोटाने चाचपून, “कळलं.”

*

चहा आला. तिने तो उभ्यानेच घेतला.

“गाठ नको, एवढं मलाही नंतर सुचलं होतं,” ती म्हणाली. “म्हणून मी नवी डावी आणली. ह्याच जातीची, एवढ्याच जाडीची. फरशीवर पसरून मापली. उजवीच्या अगदी बरोबर.”

“मग?”

“थोडा वेळ छान उडाला. मग उजवीकडे कलायला लागला. मी हाताने सावरत राहिले. मग आणखी कलला. वाटलं, माझाच हात वाईट.”

“हात चांगला असणार. गाठीवरून कळतं.”

“मग काय?”

“नवी दोरी ओढ पडेपर्यंत आपली खरी लांबी सांगत नाही. आतली वीण आवळत जाते आणि ती लांबते. ही उजवी कितीतरी वर्षं वारा सोसून आली. तिच्यात लांबायचं काही उरलेलं नाही. नवी मात्र हातात असताना लांबत होती.”

“मग नवी आधी ताणून घेऊ. तुम्ही ताणता तशी.”

“ताण. बरीचशी जुळेलही. पण मग ही वापरलेली, ती न वापरलेली. ही झिजलेली, ती गुळगुळीत. तुझा हात सतत दोघींचा हिशेब करत बसेल, आणि वर बघायचं राहील.” बुवांनी कप खाली ठेवला. “जुनीशी नवी जोडत नाहीत, डॉक्टर.”

“जोडत नाहीत, तर काय करतात?”

“दोन्ही नव्या घेतात. एकाच रिळातून, एकाच दिवशी ताणून. ही फळी कपाटात राहू दे. आठवण म्हणून.”

“नाही.”

“विचार तर कर.”

“केलाय. नव्या दोऱ्या मला बसल्या जागी मागवता येतात. त्यासाठी मी घाट उतरून आले नाही. मला त्याच्या दोऱ्यांवर उडवायचाय. एकदा तरी. तो इथे येऊन काय करत होता ते मला…”

…

 तानूबाई कप उचलायला आली होती, ती कप न उचलताच आत गेली.

बुवा उठले. खुंटीवरून दोन-तीन फळ्या काढल्या.

“चल बाहेर.”

*

सड्यावर गवत सुकून पिवळं झालं होतं. मधूनमधून जांभ्याचा काळपट खडक उघडा पडलेला. झाड एकही नाही. वारा जराही न अडता येत होता.

“इथे उभी राहा. दोन्ही हातांत एक एक टोक धर. डोळे मीट. मी तिकडून एक ओढीन. कुठली ओढली ते सांग.”

“बुवा, मी लहान मुलगी आहे का?”

“लहान मुलीला मी समजावून सांगितलं असतं.”

तिने डोळे मिटले. बुवा दोऱ्या उलगडत लांब करवंदीपर्यंत गेले.

पहिली जोडी साध्या सुती दोऱ्याची होती.

“उजवी,” ती मोठ्याने म्हणाली. “नाही… डावी का?”

“दोरा गवतातलं दव प्यायलाय,” बुवांनी लांबून सांगितलं. “तोही विचार करतोय.”

दुसरी जोडी तंगुसाची, मासे धरायच्या गळाला लावतात तसली.

…

“ओढा की, बुवा.”

“केव्हाच ओढली.”

“मला आत्ता कळली.”

“तंगूस रबरासारखा ताणतो. तुझा निरोप ह्या दोरीत मुक्काम करून पुढे जातो.”

तिसऱ्या जोडीला त्यांनी वेळ लावला. श्रीरंगची उजवी, आणि डावीचा गाठीअलीकडचा, हाताकडचा मोठा तुकडा.

“डावी,” ती लगेच म्हणाली.

“हं.”

“उजवी. पुन्हा उजवी. डावी.”

“बरोबर.”

“आता दोन्ही. अगदी हलके. थरथरल्यासारखं… हे कसं करताय?”

उत्तर आलं नाही.

“बुवा?”

“मी टोकं खुंटाला अडकवून खाली बसलोय. तो वारा आहे.”

तिने डोळे उघडले नाहीत. मुठीही सैल केल्या नाहीत. बुवा परत तिच्याजवळ येऊन उभे राहिले, तरी ती तशीच होती.

“हीच जात चांगली म्हणायची?” तिने विचारलं.

“जी दोघांच्या मधे आपलं काही घालत नाही, ती चांगली.”

“आणि जाडी?”

“वारा बघून. हलक्या वाऱ्याला बारीक, जोराच्या वाऱ्याला जाड. तुटेल तुटेल म्हणून जाडच घेत गेलं, तर पतंगाचा जन्म ती वाहण्यातच जातो.”

“आणि मांजा? काच लावलेला?”

“ज्या दोघींना एकमेकींना घासतच राहायचंय, त्यांना कुणी धार लावतं का?”

तिने डोळे उघडले.

“दुसरा काही मार्ग आहे ना, बुवा? ह्याच दोऱ्या वापरायचा. मगाशी तुम्ही एकच सांगितलात.”

“आहे.”

“मग सांगितला का नाही?”

“सोपा आधी सांगावा म्हणून.”

*

दोन्ही दोऱ्यांची हाताकडची टोकं बुवांनी एकाच खुंटात अडकवली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन दोन्ही एकदम मुठीत धरून मागे रेलले. अंगाचं सगळं वजन टाकलं. वजन फार नव्हतं.

“ढिल्या दोरीचं माप घ्यायचं नाही,” ते म्हणाले. “ओढीखालीच घ्यायचं. इकडे ये. डावी कुठे संपते?”

“इथे.”

“तिथे उजवीवर शाईची खूण कर.”

तिने खूण केली. बुवांनी कमरेला खोचलेली कात्री तिच्यापुढे धरली.

“उजवी काप.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“तुटली आहे डावी.”

“हो.”

“उजवी शाबूत आहे, बुवा.”

“म्हणूनच तिला कापावं लागेल. डावीला कापायला काही उरलेलं नाही.”

खुणेच्या पुढे उजवी दोरी बरीच लांब गवतात पडली होती. तिच्या टोकाला एक निळा पोकळ कपडा चढवलेला होता, त्यात नीट वळलेला फासा. बारीक दोरीची नुसती गाठ मारली तर दोरी स्वतःलाच चावते आणि तिथेच तुटते. म्हणून बुटाच्या नाडीचा गाभा काढून, पोकळ नाडी आधी टोकावर चढवायची, आणि मग गाठ. तानूबाई त्याला दोरीचं झबलं म्हणे.

वैजयंतीने ते निळं झबलं बोटांत धरलं.

“हे त्याने केलंय.”

“हो.”

“हे जाणार.”

“हो.”

…

“आमच्याकडे एक करतात,” ती म्हणाली. नजर झबल्यावरच होती. “मुलाचा एक पाय आखूड राहिला, आणि तो वाढवता येण्यासारखा नसला, तर चांगल्या पायाची वाढ थोडी थांबवतात. दोन्ही सारखे व्हावेत म्हणून. आईबाप ऐकत नाहीत. म्हणतात, डॉक्टर, जो धड आहे त्याला का हात लावता?”

“मग तू काय सांगतेस?”

“सांगते की त्याला चालायचंय.”

“मग तुला ठाऊक होतं.”

“दुसऱ्याच्या मुलाला सांगायला ठाऊक होतं.”

बुवांनी खांद्यावरचं फडकं झटकलं, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकलं.

“ह्या टोकाकडून कापायलाच हवं असं नाही,” मग ते म्हणाले. “त्याचं दुसरं झबलं हाताकडच्या टोकाला आहे. ते गेलं तर हे राहील. कुठलं ठेवायचं ते तू ठरव. माप तेच.”

ती खुंटापर्यंत चालत गेली. तिथे दोन झबली शेजारी होती, डावीचं आणि उजवीचं. घामाने आणि हाताने त्यांचा निळा रंग करडा झालेला. ती खाली बसून बघत राहिली.

परत आली.

“हाताकडची राहू देत.”

“बरं.”

“पण तुम्ही कापा.”

बुवांनी कात्री घेतली नाही. दोन्ही हात मागे नेले.

“ते नाही कापायचे,” तानूबाई म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कळलं नव्हतं. “त्यांचा स्वतःचा पतंग वैशाखापासून खुंटीवर आहे.”

“पावसाळा होता,” बुवा म्हणाले.

“वैशाखात?”

“वारा नव्हता.”

“सड्यावर वारा नव्हता. ऐका.”

बुवा समुद्राकडे बघू लागले, जणू तानूबाई भलत्याच कुणाबद्दल बोलत होती. वैजयंतीने त्यांच्याकडे पाहिलं. आल्यापासून तिने त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं. आता तिला त्यांचे खांदे दिसले, कफनीच्या आत ते किती उतरलेले होते ते दिसलं. ती डॉक्टर होती. जेवण कमी झालेलं माणूस तिला ओळखता येत होतं.

“बुवा,” ती म्हणाली, “हात पुढे आणा.”

त्यांनी आणले.

“ही धरा. दोन्ही. घट्ट ओढून. ढिल्या दोरीचं माप घेत नाहीत.”

बुवांनी दोऱ्या मुठीत धरल्या आणि मागे रेलले. दोन्ही दोऱ्या सरळ झाल्या. तिने खुणेच्या पुढे गाठीपुरती जागा बोटाने मोजली आणि कापलं.

कात्रीचा आवाजसुद्धा झाला नाही.

*

तानूबाईने कुणाच्या तरी जुन्या बुटाची काळी नाडी शोधून आणली. बुवांनी सुई घालून गाभा ओढून काढला. डावीला एक झबलं, उजवीला एक. दोन्ही दोऱ्या त्यांत शिरल्या.

“आता मार तुझी गाठ,” बुवा म्हणाले. “इथे टोकाला ती हवीच आहे.”

तिने मारली. एका हाताने, न बघता, सवयीने. बुवा तिच्या बोटांकडे बघत होते.

“पुन्हा मार. मला दिसली नाही.”

तिने ती सोडवली आणि सावकाश मारली.

“अजून एकदा.”

“बुवा, तुम्ही मला शिकवताय की मी तुम्हाला?”

“गाठ तुझी आहे. मी कशाला शिकवीन?”

दोन्ही फासे पुन्हा ओढीखाली जुळवून पाहिले. उजवी करंगळीच्या पेराएवढी लांब भरली. तिने तिची गाठ सोडून पुन्हा मारली. आता दोन्ही बरोबर.

कापलेला तुकडा गवतात पडला होता. टोकाला निळं झबलं. वैजयंतीने तो उचलून बोटांभोवती गुंडाळला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून बसली.

“द्या इकडे,” तानूबाई म्हणाली. “पडवळाच्या मांडवाला होईल.”

“तानू,” बुवा म्हणाले.

“काय तानू? दादाच मागच्या वर्षी म्हणत होते, मांडवाची सुतळी कुजलीय, चांगली दोरी आणून देतो.”

वैजयंती हसली. मग तिला ते हसू आवरेना. बुवाही हसायला लागले. तिने डोळे पुसले आणि गुंडाळी तानूबाईच्या हातात दिली.

“निळं टोक वर दिसेल असं बांधा,” ती म्हणाली.

“वरच बांधणार. खाली शेळ्या खातात.”

*

दुपार कलली तसा समुद्रावरून वारा सुरू झाला. समुद्राकडे पाठ करून वैजयंती उभी राहिली. लांब तानूबाईने श्रीरंगचा पतंग उभा धरला होता आणि एवढ्या लांबूनही ती काहीतरी पुटपुटतेय ते कळत होतं.

“मागे एक पाऊल,” बुवा म्हणाले. “हात जवळ.”

पतंग उठला. सरळ, कुठेही न कलता, वर गेला.

“कलत नाही,” ती म्हणाली.

“कशाला कलेल?”

“पण आधीपेक्षा लवकर वळतोय.”

“दोरी आखूड झाली. आता तो जवळ आहे. घाई होईल तुझी.”

तिने डावा हात ओढला. पतंगाने गिरकी घेतली, दोऱ्यांना पीळ पडला. तिचे हात थांबले.

“पीळ पडला. सोडवू?”

“ऐकतोय का तुझं?”

तिने उजवी ओढली. पतंग उजवीकडे गेला.

“ऐकतोय.”

“मग राहू दे.”

तिने आणखी एक गिरकी दिली, मग आणखी एक. दोऱ्या एकमेकींवरून सरकत होत्या. पतंग सड्यावरून खाली घसरत येई, गवताला टेकतोय असं वाटेपर्यंत, आणि मग वर निघून जाई. तानूबाई मठाकडे निघाली होती, ती मधेच उभी राहून बघत राहिली.

“बुवा, एक तुम्ही धरा.”

“दोन माणसांनी नाही उडवत.”

“कुठे लिहिलंय?”

“कुठे लिहिलेलं नाही. पण पडतो.”

“पडू दे. डावी धरा.”

बुवांनी हात कफनीला पुसले. तिने डाव्या हातातला फासा त्यांच्या हातात सरकवला. करडं पडलेलं झबलं त्यांच्या तळव्यात आलं. त्यांनी बोटं मिटली.

पतंग थरथरला, एका बाजूला झुकला, सावरला.

“इतकं ओढू नका.”

“मी ओढत नाही. तू ढील देतेस.”

“मी जागची हललेली नाही.”

“तेच म्हणतोय. हल.”

ती एक पाऊल पुढे गेली. ते एक पाऊल मागे. पतंग मधोमध येऊन उभा राहिला.  कोपराला कोपर लागत होतं, आणि दोघांपैकी कुणीच बाजूला होत नव्हतं.

…

“तो असाच उभा राहायचा का इथे?” तिने विचारलं.

“असाच. पण बडबड करत. तुझ्याबद्दल फार बोलायचा.”

“काय?”

“की तू येणार नाहीस.”

“आणि तुम्ही काय म्हणायचात?”

“मी म्हणायचो, डावी सांभाळ.”

ऊन तांबूस झालं. दोघांच्या लांब सावल्या पुढे गवतावर पडल्या. वारा मात्र पडत नव्हता. उलट वाढला होता. दोऱ्या आता हलक्या आवाजात वाजत होत्या, आणि तिचे हात भरून आले होते.

“बुवा, उतरवायचा कसा?”

“हं?”

“श्रीरंग पतंग कसा उतरवायचा?”

“तो वारा पडेपर्यंत थांबायचा.”

“आणि नाहीच पडला तर?”

बुवा वर बघत होते. डाव्या दोरीवरचा त्यांचा हात ढील द्यायला किंचित पुढे गेला, तिथेच राहिला…

“ते त्याला शिकवायचं राहून गेलं.”